सासूबाईंनी पाहिलेली जपानी बाग

पुण्याला गेल्यावर तुम्ही काय काय बघता हो? माझी यादी सांगते. तुळशीबाग, लक्ष्मी रोड, सारसबागेतला गणपती, पायात बळ उरलं असेल तर पर्वती, आणि परतताना बाकरवडीची चार पाकिटं, दोन आपली आणि दोन शेजारी द्यायला. खरं म्हणजे आपण बायका पुण्याला नुसत्या 'जात' नाहीच. लग्नाला जातो, मुंजीला जातो, कुणाच्या आजारपणाला जातो. त्या कार्याच्या पोटात जेवढं बसेल तेवढं पाहून घ्यायचं, आणि ज्याला जागा उरत नाही ते राहून जातं. असं कितीतरी राहून गेलेलं असतं प्रत्येकीचं!

तर मैत्रिणींनो, या यादीत आणखी एक नाव घाला म्हणून मी आज सांगणार आहे. पर्वतीच्या जवळच, सिंहगड रस्त्यावर, दहा एकरांची एक बाग आहे. पुण्यात तिला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतात. तिचं आधीचं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा म्हणजे जपानातलं एक शहर. तिथे 'कोराकुएन' नावाची तीनशे वर्षांची जुनी बाग आहे, आणि तिच्या धर्तीवर ही आपल्या पुण्यातली बाग रचलेली आहे. २००६ साली ती लोकांना खुली झाली. म्हणजे विमानात न बसता, व्हिसा न काढता, विरारहून लोकल आणि दादरहून पुण्याची गाडी एवढ्यावर जपान! पु.लं.चं नाव तिला दिलं हेही मला फार शोभून दिसतं. 'पूर्वरंग'मध्ये त्यांनी आपल्याला घरबसल्या जपान दाखवलं होतं, ते आठवत असेल तुम्हाला.

आम्ही गेलो त्याला निमित्त अर्थातच कार्याचं. नणंदेच्या मुलीचं बारसं होतं. सासूबाईंना घेऊन मी दोन दिवस आधी गेले. आमच्या सासूबाईंचं वय अडुसष्ट. गुडघे कुरकुरतात, पण सकाळी पाचला उठणं सुटलेलं नाही. त्यांना मी आईच म्हणते. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद म्हणाली, "वहिनी, आईला घेऊन बागेत जाऊन या. बाळ झोपलंय तोवर माझंही आवरतं."

आईंनी विचारलं, "देऊळ आहे का तिथं?"

"देऊळ नाही. जपानी बाग आहे."

"मग कशाला जायचं?"

हा प्रश्न तुमच्या घरातही ऐकला असेल. आईंचं सगळं फिरणं देवाच्या नाहीतर नातलगांच्या नावावर. जीवदानीच्या पायऱ्या त्या साठीपर्यंत वर्षातून दोनदा चढत होत्या. शिर्डी झालं, पंढरपूर झालं, अष्टविनायक झालं. पण नुसतं बसायला, नुसतं बघायला म्हणून कुठे जायचं ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आलीच नाही. शेवटी नातवंडांना पाणी आणि मासे दाखवायचे, असं निमित्त काढलं तेव्हा त्या निघाल्या.

आत शिरल्याबरोबर आमचा सगळ्यांचा थोडा हिरमोड झाला हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा होणार नाही. बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलाबाचे ताटवे येतात, कारंजी येतात, रंगीत दिवे येतात. इथे तसलं काही नाही. समोर हिरवंगार गवत, त्याचे उंचसखल चढउतार, कातरून आकार दिलेली झुडपं, मोठाले दगड आणि त्यांच्यामधून वाहणारं पाणी. बस्स. माझी लेक म्हणाली, "आई, झोपाळे कुठायत?" आणि पुण्यातली बाग म्हटल्यावर पाट्या आल्याच! गवतावर चालू नका, खाद्यपदार्थ आणू नका. कुणी गवतावर पाय ठेवला रे ठेवला की कुठूनशी शिट्टी वाजते. आमच्यासारख्या डब्यात पुऱ्या घेऊन निघणाऱ्या माणसांची पंचाईत. पण खरं सांगू? त्या शिट्टीमुळेच ते गवत तसं राहिलंय. मला पहिल्यांदा राग आला, पण अर्ध्या तासाने तो मावळला.

आता हे नुसतं गवत आणि पाणी कशासाठी, हे मी घरी आल्यावर वाचून काढलं. शाळेत मी अर्धा दिवस शिकवते, मुलांना सांगावं असा हेतू होता. ते थोडं तुम्हालाही सांगते, कारण ते ठाऊक असलं तर बाग दुप्पट दिसते.

ओकायामाला इकेदा घराण्याचं राज्य होतं. त्यातल्या इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने १६८७ साली बागेचं काम सुरू केलं आणि १७०० साली ते पुरं झालं. म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज गेले ते वर्ष. आसाही नदीच्या पात्रातल्या बेटावर, किल्ल्याच्या समोरच, सुमारे तेहतीस एकरांवर ही बाग आहे. जपानातल्या तीन नामांकित बागांमध्ये तिची गणना होते. बाकीच्या दोन म्हणजे कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन.

आता गंमत पाहा. सरदाराची बाग, पण आत भातशेती! चहाचा मळा! सुरुवातीला तर बागेचा बराचसा भाग शेतीचाच होता, हिरवळ पुढे वाढत गेली. अजूनही तिथे भाताची थोडी खाचरं मुद्दाम राखली आहेत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला गाणी म्हणत भातलावणीचा सोहळा होतो. बागेत एक लाकडी विसाव्याचं घर आहे, त्याच्या मधोमध पाट वाहतो. घराबाहेरून नव्हे हं, घरातून! दोन्ही बाजूंना बसायची जागा, आणि मध्ये दगडांवरून खळखळत जाणारं पाणी. हे मी आईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात आमच्याही घरातनं जायचं पाणी. त्याचं कुणी कौतुक केलं नाही!"

परत पुण्याच्या बागेत येऊ या. तिथे कालव्याचं पाणी खेळवलेलं आहे. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला कालवा त्याच अंगाने जातो. त्याचं पाणी उतारानं बागेत येतं, लहानशा धबधब्यांवरून उड्या मारतं, वळणं घेतं, तळ्यात विसावतं आणि पुढे निघतं. आम्ही वरच्या अंगाने चालायला लागलो. मुलं मासे शोधायला पुढे पळाली. आई मात्र पाचपन्नास पावलं चालल्या आणि एका वळणावर थांबल्या. मला वाटलं गुडघा धरला.

"बसता का आई?"

"थांब गं." त्या वाकून पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्याला पाणी कळतंय."

"कुणाला?"

"ज्यानं हा पाट काढला त्याला. बघ, वळणाला बाहेरच्या बाजूला दगड लावलाय मोठा. पाणी वळताना बाहेरची कड खातं. आणि इथं पात्र रुंद केलंय, म्हणजे पाणी दमानं जातं. तुझे सासरे असंच करायचे."

मैत्रिणींनो, लग्न होऊन मला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आईंनी माझ्याशी स्वयंपाकावर, सणावारावर, मुलांच्या दुखण्याखुपण्यावर खूप बोलणं केलं. पाण्याबद्दल ही पहिली गोष्ट.

इथे आमच्याकडची थोडी माहिती द्यायला हवी, कारण तुम्ही नाशिकच्या असाल, सांगलीच्या असाल, तुम्हाला विरार म्हटलं की खचाखच भरलेली लोकल तेवढी ठाऊक असणार. तर विरारच्या पश्चिमेला आगाशी, बोळींज, अर्नाळा, आणि खाली थेट वसईपर्यंत वाड्याच वाड्या होत्या. अजून थोड्या आहेत. केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडं, भाजीपाला. आगाशीची सुकेळी तुमच्यापैकी कुणी खाल्ली असतील. या वाड्यांना पाणी पुरायचं ते विहिरींवर आणि बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत जिरतं, शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहतं, आणि जमिनीत गोड्या पाण्याचा दाब असला की समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. काठाला उंबर, करंज अशी झाडं. विहिरीवर रहाट. रहाटाचं पाणी आधी मोठ्या पाटात, तिथून लहान पाटात, तिथून प्रत्येक आळ्यात.

आमच्या सासरची अशी वाडी होती. बरीचशी गेली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या शिक्षणात, कुणाच्या दवाखान्यात. उरलंय ते बावखल आणि त्याच्या भोवतीचे काही गुंठे.

पुण्यातल्या त्या वळणानंतर बाग आईंच्या ताब्यात गेली असं म्हणायला हरकत नाही. मी आणि मुलं पाहुणे झालो, त्या दाखवणाऱ्या! "हा दगड वरून ठेवलेला नाही, जमिनीत पुरलाय. वर दिसतो तेवढाच खालीही असेल. म्हणून हलत नाही." "ह्या पायऱ्या मुद्दाम कमीजास्त अंतरावर आहेत गं, म्हणजे माणूस खाली बघून चालतं, घाई करत नाही." हे दुसरं त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे, पण ते अगदी खरं आहे. जपानी बागेत पायाखालचे दगड असेच विचार करून मांडतात. ओबडधोबड दगड असले की आपली नजर पायाकडे राहते, आणि एकदम सपाट रुंद दगड आला की आपण आपसूक मान वर करतो. नेमकं तिथूनच काहीतरी बघण्यासारखं असतं! वाट सरळ नसते तीही याचसाठी. झुडपाआड तळं लपवायचं, चार पावलांनी थोडं दाखवायचं, परत लपवायचं. नव्या नवरीचा पदर जसा, असं मी मनात म्हटलं. आईंना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, चावटपणा पुरे.

दगडांविषयी एक फार जुना जपानी ग्रंथ आहे, 'साकुतेइकी' नावाचा, अकराव्या शतकातला. बागा कशा रचाव्यात हेच त्यात सांगितलंय. पाणी कुठल्या दिशेने आणावं, कुठल्या दिशेला न्यावं, काय केल्याने घराला बाधा येते, हे वाचताना आपल्या वास्तुशास्त्राचीच आठवण होते. त्यातली एक कल्पना मला फार आवडली. आधी मुख्य दगड बसवायचा, आणि मग बाकीचे दगड त्याच्या मागणीप्रमाणे ठेवायचे. म्हणजे माळ्याने आपली हौस दगडावर लादायची नाही, दगडाला काय हवंय ते ऐकायचं. पहिल्यांदा मला हसू आलं. मग मनात आलं, वरणाला फोडणी देताना आपण काय करतो? मोहरीचं ऐकतोच की.

आणखी एक शब्द शिकले. जपानी माळी बागेत 'उसनं दृश्य' घेतात. बागेबाहेर डोंगर असेल, देवळाचं शिखर असेल, तर झाडांची उंची अशी राखायची की ते बाहेरचं दृश्य आपल्याच बागेचा भाग वाटावं. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं! ओकायामाला समोरचा काळ्या भिंतींचा किल्ला आणि मागची डोंगराची रांग अशी उसनी घेतली आहे. पुण्याच्या बागेला तशी पर्वतीची टेकडी लाभली आहे. हे मी आईंना नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्या बावखलावरनं जीवदानीचा डोंगर दिसायचा. धुणं धुताना समोर देवी. आता बिल्डिंगा दिसतात."

या पुण्याच्या बागेत एक जागा अशी आहे की तिथून सबंध बाग एका नजरेत दिसते. जपानमध्ये याच्या अगदी उलटही करतात बरं का! क्योतोला र्योआनजी नावाचं देऊळ आहे, तिथल्या वाळूच्या अंगणात पंधरा दगड मांडलेत, पण बसून कुठूनही बघा, चौदाच दिसतात. एक कायम लपलेला. आपल्या पुण्याच्या बागेने मात्र काही हातचं राखलेलं नाही. आम्ही त्या जागी पोचलो तोवर ऊन वर आलं होतं. पाणी, लाकडी पूल, गवताचे उंचवटे, सगळं खाली पसरलेलं. मुलं पुलावर वाकून मासे मोजत होती. आई बसल्या. पदराने मान पुसली. दहा मिनिटं एक अक्षर बोलल्या नाहीत. मी घड्याळ बघितलं, कारण नणंदेकडे परत जाऊन पोळ्या करायच्या होत्या.

"आई, निघू या का?"

"बसू दे की थोडं," आई म्हणाल्या. "पोळ्या होतील मागाहून."

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. आमच्या घरात ते साधं नाही. अडुसष्ट वर्षांत 'पोळ्या मागाहून' असं या बाईने कधी म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आधी सगळ्यांची पानं, मग आपलं. आधी दिरांची लग्नं, मग आपली बांगडी. नंतर, नंतर, नंतर!

आणि 'कोराकुएन' या नावाचा अर्थ काय माहीत आहे? 'को' म्हणजे नंतर, 'राकु' म्हणजे आनंद, 'एन' म्हणजे बाग. नंतरच्या आनंदाची बाग! राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर भोगावं, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी विचारावरून हे नाव आलंय. बागेला ते मिळालं १८७१ साली, आणि १८८४ साली बाग प्रांताच्या सरकारकडे येऊन सर्वांना खुली झाली. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. राजेलोकांना सांगावा लागलेला उपदेश आपल्याकडच्या बायका न सांगता पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या आहेत. फरक एवढाच की राजाला त्या 'नंतर'साठी तेहतीस एकरांची बाग होती. आपल्याला 'नंतर' मिळतं ते जेवणं झाल्यावर, ओटा पुसून झाल्यावर, आणि तोवर डोळे मिटायला लागलेले असतात.

आता जरा कामाचं. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा. पुण्यातल्या बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, मधल्या वेळात बंद असतात. वेळ निघण्यापूर्वी विचारून घ्यावी, तिष्ठत राहायला नको. पायात सपाट चपला घाला, दगडांवर उंच टाचेचं काम नाही. खायचं घेऊन जाऊ नका, मुलांना पोटभर खाऊ घालूनच न्या. वयस्क माणूस बरोबर असेल तर आधी सबंध फेरी मारायचा हट्ट धरू नये. पाण्याच्या कडेने सावकाश जावं, त्यांना हवं तिथे थांबू द्यावं. आणि फोटो काढण्यात अर्धा वेळ घालवू नका. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांनी बाग पाहिली ती सगळी मोबाइलमध्येच. असो. ज्याची त्याची आवड.

परतीच्या गाडीत आईंनी एकदम विचारलं, "ती जपानातली बाग तीनशे वर्षं तशीच आहे का गं?"

तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर सांगितलं ते असं. बाग तशीच राहिलेली नाही. १९३४ साली नदीला मोठा पूर आला, बागेची धूळधाण झाली. मग १९४५ च्या जूनमध्ये महायुद्धात ओकायामावर बॉम्ब पडले. समोरचा किल्ला जळाला, बागेतल्या बहुतेक इमारती जळाल्या. बागेत क्रौंच पक्षी पाळलेले असत, तेही त्या काळात उरले नाहीत. पण पुढे हे सगळं परत उभं राहिलं. कसं? जुन्या काळी काढलेली बागेची चित्रं आणि नकाशे जपून ठेवलेले होते. कुठे पाट, कुठे पूल, कुठलं झाड कुठे, सगळं त्यात होतं. त्याबरहुकूम बाग परत रचली. क्रौंचसुद्धा आले. चीनचे साहित्यिक क्वो मोरुओ तरुणपणी ओकायामाला शिकायला होते. त्यांनी १९५६ साली तिकडून दोन पक्षी भेट पाठवले. युद्धानंतर अकरा वर्षांनी, ज्या देशाने जपानच्या हातून एवढं सोसलं त्या देशातून!

आई ऐकत होत्या. हातातली भेंडी चिरायची थांबली होती. म्हणाल्या, "आपलं कुणी काढलंय का चित्र?"

मला समजलं त्या कशाबद्दल बोलताहेत. आमचं बावखल आता बुजवायचं घाटतंय. एका बिल्डरने सगळ्यांना मिळून चांगला मोबदला आणि प्रत्येक घराला दोन खोल्या देऊ केल्या आहेत. धाकट्या दिरांची मुलगी यंदा बारावीला आहे, तिच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च आहे. थोरले दीर भाड्याच्या जागेत राहतात. त्यांचं चूक आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आम्हीही दोन खोल्यांतच आहोत, आणि मोठ्या घराची हौस मलाही आहे. बावखलाची आज अवस्था काय आहे तेही खरं सांगायला हवं. काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्यावर जलपर्णी, डासांची तक्रार शेजारचे रोज करतात. सासऱ्यांच्या पश्चात कागदावर आईंची सही लागते. पुण्याला जाण्याआधी त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही पोरं म्हणाल तिथं करते." कागद आणून ठेवला होता.

त्या दिवशी त्यांनी लेकीची चौकटीची वही मागून घेतली. आईंचं शिक्षण चौथीपर्यंत. पेन्सिल धरायची सवय नाही. पण तीन दुपारी त्या वहीवर वाकून बसल्या. आधी विहीर काढली. मग रहाट. मग थोरला पाट, त्याचे फाटे. बावखलाचा आकार त्यांना गोल काढता येईना, शेवटी पोळपाटाभोवती पेन्सिल फिरवली, आणि मग म्हणाल्या, "असा नव्हता, इकडनं लांबुडका होता, भोपळ्यासारखा," म्हणून खोडून परत काढला. कुठे पायऱ्या होत्या, कुठल्या पायरीवर बायका धुणं धूत, कुठे म्हशी उतरत, कुठे गणपती विसर्जन व्हायचं. पाणी उन्हाळ्यात कुठवर खाली जायचं. मोगऱ्याचे वाफे कुठे. एकेका खुणेला मी नाव लिहिलं. लेकीने निळा रंग भरला.

आमचे हे संध्याकाळी घरी आले. विरार लोकलमधून उभ्याने आलेल्या माणसाला चहाआधी काही दाखवायचं नसतं, पण आई थांबल्या नाहीत. यांनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली. "इथे फणस होता ना गं आई? त्याला मी झोका बांधलेला," म्हणाले. फणस राहिला होता. तो काढला.

रविवारी दोघे दीर आले. कागदाविषयी बोलायलाच आले होते. आईंनी कागदाच्या वर वही ठेवली. मी आत चहा टाकत होते, त्यामुळे सुरुवातीचं बोलणं मी ऐकलं नाही. बाहेर आले तेव्हा दोन्ही दीर आणि हे जमिनीवर वहीभोवती बसलेले.

"हा उंबर इथे नव्हता," थोरले म्हणत होते, "इथे करंज होता. उंबर पलीकडच्या काठाला."

"अहो दादा, उंबरावरूनच उडी मारायचो आपण. पायऱ्यांच्या बाजूला."

"ती उडी करंजावरून!"

"करंजाला एवढी आडवी फांदी असते का?"

आई मधे पडल्या नाहीत. पोह्यांच्या बश्या तशाच होत्या. मी धाकट्या दिरांना खोडरबर आणून दिलं. सही झालेली नाही, होणार नाही असंही कुणी म्हटलेलं नाही. पुढच्या रविवारी तिघं भाऊ बावखलावर जाऊन उंबराचं खोड कुठे आहे ते पाहून येणार आहेत. आईंनाही यायचं आहे. मी म्हटलं, गुडघ्याचं काय? तर म्हणाल्या, पुण्यात नाही का चालले.